कपाशीच्या मुलखातला अन्नदाता

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे चरित्र १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील वाचकांनी या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाची कहाणी घरातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची असावी इतक्या आत्मीयतेने वाचली आहे. गुलामगिरीत जन्म, पोरके बालपण, शिक्षणासाठीची वणवण आणि भुईमुगाच्या शेंगेतून शेकडो पदार्थ निर्माण करणारी प्रयोगशाळा हे या कहाणीचे टप्पे सर्वांच्या परिचयाचे आहेत. मात्र भुईमुगाने मिळवून दिलेल्या कीर्तीमागे कार्व्हर यांचे एक मोठे काम काहीसे झाकोळले गेले. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कर्जबाजारी शेतकऱ्याच्या ताटात त्याच्याच शेतातले, परसातले आणि रानातले अन्न परत आणून ठेवणे, हे ते काम होय.

‘अन्नसुरक्षा’ हा शब्द धोरणकर्त्यांच्या बोलण्यात रुळला तो १९७४ साली रोम येथे भरलेल्या जागतिक अन्न परिषदेनंतर. कार्व्हर त्याच्या ३१ वर्षे आधी निवर्तले होते. पण गावाची भूक गावाच्या आसपास उगवणाऱ्या अन्नाने भागवता येईल का, या प्रश्नाला त्यांनी आपल्या आयुष्याची ४६ वर्षे दिली. त्या प्रयत्नात त्यांना यश किती आले आणि ते कुठे अडले, या दोन्ही गोष्टी आजही समजून घेण्याजोग्या आहेत.

रानाची शाळा

मिसुरी राज्यातील डायमंड ग्रोव्ह या खेड्यात १८६४ च्या सुमारास कार्व्हर यांचा जन्म झाला. गुलामांच्या मुलांच्या जन्मतारखा टिपून ठेवण्याची तेव्हा रीत नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या धामधुमीत दरोडेखोरांनी तान्ह्या जॉर्जला आणि त्याची आई मेरी हिला पळवून नेले. मालक मोझेस कार्व्हर यांनी एक घोडा देऊन बाळाला परत मिळवले, आईचा मात्र पुन्हा कधीच पत्ता लागला नाही. मोझेस आणि सुझन या दांपत्याने जॉर्ज आणि त्याचा भाऊ जिम यांना वाढवले. जॉर्जची प्रकृती अगदीच तोळामासा होती. त्यामुळे शेतातल्या कष्टाच्या कामांऐवजी त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर, धुणे, विणकाम आणि परसबाग आली. पुढे ज्या शास्त्रज्ञाने पिकाचा विचार थेट चुलीपर्यंत नेला, त्याची जडणघडण या स्वयंपाकघरात झाली असे म्हणता येईल.

निओशो या गावी कृष्णवर्णीय मुलांची शाळा होती. तिथे शिकताना मरिया वॉटकिन्स या सुइणीच्या घरी जॉर्जला आसरा मिळाला. त्यांना रानातल्या औषधी वनस्पतींची चांगली जाण होती. कोणते पान उकडून खावे आणि कोणते टाळावे, हे ज्ञान कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नव्हते. ते अशा बायकांकडेच होते आणि कार्व्हर यांनी ते मनापासून जपले.

पुढची काही वर्षे कॅन्सस राज्यात गावोगाव फिरण्यात गेली. लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून ते शिकत राहिले. हायलँड येथील महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला होता, पण वर्ण पाहताच दार बंद केले. अखेर १८९० मध्ये आयोवा राज्यातील सिम्प्सन महाविद्यालयाने त्यांना सामावून घेतले. तिथे ते चित्रकला शिकत होते. त्यांच्या शिक्षिका एटा बड यांनी या तरुणाचे वनस्पतींवरील प्रेम ओळखले आणि त्यांना एम्स येथील कृषी महाविद्यालयाकडे वळवले. तिथे १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळवली. वनस्पतींवरील बुरशीच्या अभ्यासात त्यांचे नाव होऊ लागले होते. निवांतपणे संशोधन करावे आणि प्राध्यापक म्हणून सन्मानाने जगावे, एवढी सोय एम्समध्ये नक्कीच होती. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले.

दारापर्यंत आलेला कापूस

वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी शिक्षणसंस्था काढली होती. वर्षाला हजार डॉलर पगार आणि राहण्याजेवण्याची सोय, एवढ्या बोलीवर कार्व्हर ऑक्टोबर १८९६ मध्ये तिथे दाखल झाले. मुक्त झालेल्या गुलामांची मुले आणि नातवंडे या मुलखात शेती करत होती. गुलामगिरी कायद्याने संपून तीन दशके उलटली होती. शेत मात्र त्यांचे नव्हते.

अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडातील कापसाला तेजी आली, हा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या युद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत काय घडले हे आपल्याकडे तितकेसे सांगितले जात नाही. जमीन जुन्या मालकांकडेच राहिली आणि कृष्णवर्णीय कुटुंबे ती बटाईने कसू लागली. अवजारे, बियाणे आणि वर्षभराचे धान्य दुकानदाराकडून उधारीवर घ्यायचे आणि त्याच्या तारणापोटी उभे पीक लिहून द्यायचे, अशी पद्धत पडली. सुगी झाली की निम्मे पीक मालकाचे आणि उरलेल्यातून दुकानदाराचे व्याजासह देणे. कुटुंबाच्या हाती बहुधा काही उरत नसे आणि पुढच्या वर्षाची उधारी सुरू होई.

या व्यवहारात कापसालाच पत होती, कारण कापूस हमखास विकला जाई आणि तो कुणाला खाता येत नसे. मालक आणि दुकानदार दोघेही कापूसच लावायला सांगत. कपाशीच्या ओळी घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन भिडत. भाजीपाल्यासाठी, कोंबड्यांसाठी, एखाद्या गाईसाठी जागा उरत नसे. परिणामी शेतकरी असूनही हे लोक अन्न विकत घेऊन खात होते आणि तेही कर्जाने.

ते काय खात होते, याची शास्त्रीय नोंद उपलब्ध आहे. पोषणशास्त्राचे प्रणेते विल्बर ॲटवॉटर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स वूड्स यांनी अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी १८९५ आणि १८९६ मध्ये टस्कीगीच्या परिसरातील कृष्णवर्णीय कुटुंबांच्या आहाराची पाहणी केली होती. मक्याचे पीठ, खारवलेले चरबीयुक्त डुकराचे मांस आणि काकवी या तीन जिनसांवर त्यांचा जेवणाचा गाडा चालत होता. त्यातले मांस बरेचदा शेकडो मैलांवरून रेल्वेने येई. पोट भरत होते, शरीराला मात्र पुरेशी प्रथिने मिळत नव्हती आणि ताज्या भाज्यांचे प्रमाण नगण्य होते. ही पाहणी पूर्ण होत असतानाच कार्व्हर टस्कीगीत उतरले.

दहा एकरांचा प्रयोग

अलाबामाच्या विधिमंडळाने १८९७ मध्ये टस्कीगीत कृषी प्रयोग केंद्र मंजूर केले आणि त्याला वर्षाकाठी १,५०० डॉलर देऊ केले. त्या काळी केंद्र सरकार कृषी प्रयोगांसाठी प्रत्येक राज्याला वर्षाला १५ हजार डॉलर देत असे. अलाबामात ती रक्कम जवळच्याच ऑबर्न येथील गोऱ्यांच्या महाविद्यालयाला मिळे. कार्व्हर यांच्या वाट्याला आली ती सुमारे दहा एकर रेताड, पावसाने धुपून घळी पडलेली जमीन. प्रयोगशाळेची उपकरणे तर त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन उकिरड्यांवरून बाटल्या, बरण्या आणि डबे वेचून तयार केली.

पैसा नसणे ही त्यांनी प्रयोगाची अटच मानली. जे गरीब शेतकऱ्याला परवडणार नाही ते केंद्रावरही करायचे नाही, असा त्यांचा कटाक्ष असे. विकतच्या खताऐवजी रानातला पालापाचोळा, पाइनच्या वाळक्या सुया आणि दलदलीतला काळा गाळ गाड्या भरभरून आणून त्यांनी कंपोस्ट केले. सततच्या कापसाने मातीतले नत्र संपले होते. ते परत आणण्यासाठी मुळांवर गाठी धरणारी द्विदल पिके फेरपालटीत घेतली. त्यातले पहिले महत्त्वाचे पीक चवळीचे. त्याच्या जोडीला रताळी आणि पुढे भुईमूग. जमीन कशी सुधारली याची हकिकत त्यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत सविस्तर दिली आहे.

ही निवड विचारपूर्वक केलेली होती. चवळी मूळची आफ्रिकेची. भुईमूग दक्षिण अमेरिकेतून आफ्रिकेत गेला आणि गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेच्या दक्षिणेत आला. म्हणजे ज्यांना उपाशी राहावे लागत होते, त्यांच्याच पूर्वजांनी ही पिके या मातीत रुजवली होती. कापसाच्या राज्यात त्यांची किंमत उतरली. चवळी गुरांचा चारा झाली आणि भुईमूग डुकरांचे खाद्य. सुक्या चवळीत आणि शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश प्रथिने असतात. जमिनीला हवे असलेले नत्र आणि माणसाला हवी असलेली प्रथिने एकाच रोपातून मिळत होती, तेही रोख पैसा न मोजता.

शेतातून चुलीपर्यंत

पीक काढून दाखवले म्हणजे काम संपले, असे कार्व्हर यांनी कधीच मानले नाही. लोक जे रांधायला शिकलेले नाहीत ते पिकवणार नाहीत, हे परसात आणि चुलीपाशी वाढलेल्या या माणसाला पक्के माहीत होते. १८९८ पासून त्यांनी छोट्या पुस्तिका काढायला सुरुवात केली आणि मृत्यूपर्यंत त्यांची संख्या चाळिसावर गेली. एकाच पुस्तिकेत शेतकऱ्यासाठी लागवडीची माहिती, शिक्षकासाठी वनस्पतीचा परिचय आणि गृहिणीसाठी पाककृती अशी त्यांची मांडणी असे. भाषा साधी, सामग्री घरातली.

या पुस्तिकांचे विषय नुसते नजरेखालून घातले तरी त्यामागची दृष्टी ध्यानात येते. पहिली पुस्तिका ओकच्या झाडाखाली फुकट पडणारी फळे डुकरांना कशी खाऊ घालावीत, याविषयी होती. १९०३ मध्ये चवळीवरील पुस्तिका आली आणि पुढे चवळी शिजवण्याच्या पाककृतींची. १९०६ मध्ये रताळी टिकवण्याची पुस्तिका निघाली, १९०७ मध्ये रानात सडून जाणारी जंगली आलुबुखारे वाचवण्याची. १९१० मध्ये खेड्यातील शाळांच्या बागांवर त्यांनी लिहिले. १९१२ च्या पुस्तिकेत उन्हाळ्याच्या दिवसांत घरचे मांस खारवून कसे टिकवावे हे सांगितले. अलाबामाच्या उष्ण हवेत मांस नासते, म्हणून लोक बाहेरून आलेले खारे मांस उधारीने घेत. त्यामुळे वरवर क्षुल्लक वाटणारी ही पुस्तिका दुकानदाराच्या वहीतली एक ओळ कमी करणारी होती.

ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी टस्कीगीत दरमहा शेतकऱ्यांची सभा भरू लागली. जे सभेला येऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी १९०६ मध्ये चाकांवरची शाळा निघाली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या देणगीतून घोड्यांनी ओढायची एक गाडी तयार झाली. तिची रचना कार्व्हर यांनी आखली होती आणि तीत नांगर, बियाणे, लोणी घुसळण्याचे यंत्र अशी सामग्री असे. त्यांचे विद्यार्थी टॉमस कॅम्पबेल ती गाडी घेऊन वस्तीवस्तीवर जात. कॅम्पबेल हे अमेरिकेच्या कृषी खात्याने नेमलेले पहिले कृष्णवर्णीय विस्तार अधिकारी. पुढे गाडीची जागा मोटारट्रकने घेतली आणि शेतीतज्ज्ञाबरोबर गृहशास्त्राची कार्यकर्ती आणि परिचारिकाही गावात जाऊ लागल्या. शेती, स्वयंपाक आणि आरोग्य या तिन्हींचा विचार एकत्र करण्याची ही पद्धत आज आपल्याला नवी वाटत नाही. त्या काळी ती नवी होती.

पेलाग्राचे संकट

हे सारे किती निकडीचे होते, ते १९०६ मध्ये स्पष्ट झाले. अलाबामातील माउंट व्हर्नन येथे कृष्णवर्णीय मनोरुग्णांचे रुग्णालय होते. तिथे एका विचित्र आजाराची साथ आढळली. कातडी काळी पडून सोलवटणे, जुलाब, भ्रम आणि अखेर मृत्यू. हा पेलाग्रा होता. पुढच्या तीन-साडेतीन दशकांत त्याने दक्षिणेतल्या सुमारे एक लाख लोकांचा बळी घेतला असा अंदाज आहे. प्रारंभी डॉक्टरांना तो संसर्गजन्य वाटला. सरकारी वैद्यकीय सेवेतील डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून अनाथालये आणि तुरुंगांत अभ्यास करून त्याचे मूळ आहारात असल्याचे दाखवून दिले. मका, खारे मांस आणि काकवी एवढ्यावर जगणाऱ्यांना तो होत होता. दूध, अंडी, ताजे मांस, कडधान्ये मिळाली की तो नाहीसा होई. त्यामागे नायसिन या जीवनसत्त्वाची उणीव आहे, हे १९३७ मध्ये सिद्ध झाले.

शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते. कार्व्हर यांना हे नाव ठाऊक असणे शक्यच नव्हते. पण एकसुरी आहार माणसाला पोखरतो आणि त्यावरचा उतारा औषधाच्या दुकानात नसून परसात आहे, या निष्कर्षाप्रत ते गोल्डबर्गर यांच्या आधी कित्येक वर्षे आले होते.

कीर्ती आणि तिची किंमत

याच सुमारास कापसावर दुसरे संकट चालून आले. बोल वीव्हिल नावाचा बोंडे पोखरणारा सोंडकिडा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला होता. १९१० मध्ये तो अलाबामात पोहोचला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने कपाशीची दाणादाण उडवली. कार्व्हर वर्षानुवर्षे सांगत असलेल्या पिकांकडे लोक आता नाइलाजाने वळू लागले. १९१६ मध्ये त्यांची भुईमुगाची लागवड आणि त्याच्या १०५ पाककृती यांवरील पुस्तिका आली. सूप, पाव, बिस्किटांपासून कोंबडीच्या मांसाची आठवण करून देणाऱ्या पदार्थापर्यंत सारे काही तीत होते. अलाबामातील कॉफी काउंटी तर भुईमुगाच्या उत्पादनात आघाडीवर गेली आणि तेथील एंटरप्राइज गावाने १९१९ मध्ये या किड्याच्या सन्मानार्थ चक्क स्मारक उभारले. त्याचे सारे श्रेय कार्व्हर यांना देता येणार नाही. तिथे स्थानिक पतपुरवठादाराने भुईमुगासाठी पैसा पुरवला, तेव्हा पीक बदलले. कर्ज देणाऱ्याचे मन वळले की शेत बदलते, हा धडा त्यात आहेच.

१९२१ मध्ये भुईमूग उत्पादकांच्या वतीने कार्व्हर वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे उभे राहिले. दहा मिनिटांची मुदत त्यांच्या बोलण्याच्या ओघात सदस्यांनी वाढवत नेली. त्या दिवसापासून ते देशभर गाजले. वृत्तपत्रांना भुईमुगापासून तीनशे वस्तू बनवणारा किमयागार सापडला. त्यातल्या बहुतेक वस्तू बाजारात कधी आल्याच नाहीत. पीनट बटरचा शोधही त्यांच्या नावावर खपवला गेला. वास्तविक शेंगदाण्याच्या लगद्याचे पेटंट कॅनडातील मार्सेलस एडसन यांनी १८८४ मध्येच घेतले होते. कार्व्हर यांनी स्वतः उभ्या आयुष्यात तीनच पेटंटे घेतली, ती सौंदर्यप्रसाधने आणि रंग यांची.

किमयागाराच्या या प्रतिमेने त्यांना मानसन्मान दिले, पण त्यांचे खरे काम मागे पडले. प्रयोगशाळेतील चमत्कार शहरातल्या वाचकाला मोहवतो. चवळीची उसळ, सुकवलेल्या रताळ्याच्या चकत्या आणि रानभाजी यांचे कुणाला कौतुक? पहिल्या महायुद्धात गव्हाची टंचाई झाली तेव्हा टस्कीगीत गव्हाच्या पिठात रताळ्याचे पीठ मिसळून पाव भाजले जात होते. त्याची माहिती घेण्यासाठी १९१८ मध्ये कृषी खात्याने कार्व्हर यांना राजधानीत बोलावले. युद्ध संपले, गहू मुबलक झाला आणि सरकारचा उत्साहही मावळला. स्थानिक अन्नाची आठवण टंचाईत होते आणि सुबत्ता येताच ती पुसली जाते, याचा अनुभव त्यांनाही आला.

जिथे पुस्तिका थांबते

कार्व्हर यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. संस्थेतही त्यांचे दिवस सुखाचे नव्हते. कोंबड्यांच्या खुराड्यापासून वर्गातील तासांपर्यंत अनेक बाबींवरून वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे खटके उडत आणि त्यांनी राजीनाम्याची भाषा अनेकदा केली. १९१० मध्ये शेतीविभागाची सूत्रे त्यांच्याकडून काढून त्यांना स्वतंत्र संशोधन विभाग देण्यात आला. पण खरी मर्यादा संस्थेबाहेर होती. चवळी लावा, परसबाग करा, कोंबड्या पाळा हे सांगणे सोपे होते. जो दुसऱ्याच्या जमिनीवर राहतो आणि ज्याच्या पिकावर दुकानदाराचा बोजा आहे, त्याने ही बाग कुठे लावायची? अनेक मालक बागेला परवानगीच देत नसत. स्वतःचा थोडा का होईना तुकडा असणाऱ्यांना कार्व्हर यांचा सल्ला वरदान ठरला. ज्यांच्या हाती काहीच नव्हते, त्यांच्यापर्यंत तो पोहोचूनही अमलात आला नाही. मालकी आणि कर्ज यांविषयी कार्व्हर जाहीरपणे फारसे बोलले नाहीत. वर्णद्वेषाच्या त्या दहशतीत बोलणे जिवावर बेतू शकत होते, हेही विसरता येत नाही. तरुणपणी कॅन्ससमध्ये एका कृष्णवर्णीयाला जमावाने ठार मारताना त्यांनी स्वतः पाहिले होते.

१९३१ मध्ये टस्कीगीच्या शेजारच्या टॅलपूसा काउंटीत बटाईदारांनी आपली संघटना बांधली. तिच्या मागण्यांमध्ये घरच्यापुरता भाजीपाला लावण्याचा हक्क हीदेखील एक मागणी होती. संघटनेच्या सभांवर गोळीबार झाले, माणसे मारली गेली. परसातल्या चार वाफ्यांसाठी माणसांना प्राण पणाला लावावे लागतात, तेव्हा अन्नाचा प्रश्न बियाण्यापाशी संपत नाही, तो सत्तेपर्यंत जातो हे उघड होते.

तरीही कार्व्हर यांचे निदान अचूक होते, याचा पुरावा त्यांच्या मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनी मिळाला. २०१९ मध्ये कॅरेन क्ले आणि त्यांच्या दोन सहकारी अर्थतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आढळले, की बोल वीव्हिलने कपाशी बुडवली तिथे अन्नपिकांचे उत्पादन वाढले आणि पेलाग्राचे मृत्यू घटले. नगदी पीक बुडाल्यावर लोक अधिक निरोगी झाले. कार्व्हर यांचे वीस वर्षांचे सांगणे जे करू शकले नाही ते एका किड्याने केले, कारण मालक आणि सावकार यांचे गणित बदलण्याची ताकद त्या किड्यात होती.

अखेरची पुस्तिका

कार्व्हर यांच्या विचारांचा एक धागा भारतापर्यंत येतो. १९२९ मध्ये दीनबंधू ॲण्ड्रूज टस्कीगीला गेले आणि त्यांच्यामार्फत कार्व्हर यांचा महात्मा गांधींशी पत्रव्यवहार झाला. आहाराविषयीचा सल्ला आणि आपल्या पुस्तिका त्यांनी गांधीजींना पाठवल्या. १९३४ अखेर स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत आले आणि १९३५ मध्ये गांधीजी तिथे गरिबाला परवडतील अशा पालेभाज्यांचे आणि सोयाबीनचे प्रयोग करत होते. अलाबामा आणि वर्धा हे दोन्ही कपाशीचे प्रदेश. दोन्हीकडे एकाच काळात गावच्या अन्नाचा शोध चालू होता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर १९४२ मध्ये कार्व्हर यांनी रानभाज्यांवरील पुस्तिका प्रसिद्ध केली. तण म्हणून उपटून फेकल्या जाणाऱ्या वनस्पतींतून जेवण कसे उभे राहते, हे तीत सांगितले होते. आपल्याकडे चाकवत म्हणून ओळखली जाणारी भाजीही त्यात होती. मरिया वॉटकिन्स यांच्याकडून बालपणी घेतलेले ज्ञान त्यांनी असे पुन्हा लोकांच्या स्वाधीन केले. पगारवाढ न मागता साठवलेली आयुष्यभराची शिल्लक त्यांनी १९४० मध्ये संशोधनासाठी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाला देऊन टाकली. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीतच त्यांचे निधन झाले आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

आज आपल्याकडे रानभाज्यांचे महोत्सव भरतात, भरडधान्यांचे गोडवे गायले जातात, शाळांमध्ये परसबागा होतात. हे सारे स्वागतार्हच आहे. मात्र कार्व्हर यांचे आयुष्य वाचताना दोन गोष्टी बरोबरीने ध्यानात ठेवाव्या लागतात. भुकेवरचा पुष्कळसा इलाज माणसाच्या हाताच्या अंतरावर उगवलेला असतो आणि तो दाखवून देणारा शिक्षक समाजाला हवा असतो. आणि ते अन्न लावायला, राखायला, खायला मोकळी असलेली जमीनही त्या माणसाच्या हाती हवी असते. पहिली गोष्ट कार्व्हर यांनी एकट्याच्या बळावर, जमेल तितक्या लोकांपर्यंत नेली. दुसरी एकट्या माणसाच्या हातची नव्हती. ती समाजाने आणि सरकारने करायची असते.